एक डंख, शंभर डंख

चोपड्याजवळ माझ्या धाकट्या भावाचं केळीचं शेत आहे. मी जळगावात राहते, शाळेत शिकवते. सुट्टी जोडून आली की माहेरी जाते. त्या रविवारी सकाळी शेतात आम्ही चौघं होतो: भाऊ, भावजय, आमचे वडील आबा आणि मी.

बांधावरच्या चिंचेला आग्या मोहोळ होतं. ते कशानं उठलं, हे आजतागायत कळलेलं नाही. आबा चिंचेजवळ केळीची वाळलेली पानं कापत होते. एकदम त्यांची आरोळी ऐकू आली. पाहिलं तर ते धावत येत होते आणि त्यांचं डोकं काळं झालं होतं. क्षणभर मला कळलंच नाही की त्या माश्या आहेत. भावानं ताडपत्री त्यांच्यावर टाकली, ओढत विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेलं. आम्ही दोघी मागोमाग आत शिरलो आणि दार लावलं.

आबांच्या मानेवर, कानांत, पापण्यांवर काटेच काटे. शंभराच्या वर असतील. मी नखानं खरवडून काढत होते.

"अक्का, तळहात खाजी राहयनात," भावजय दाराशी उभी राहून म्हणाली.

"थांब गं जरा," मी तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिला एकच माशी चावली होती, कानामागे. एका डंखाचं कोण काय मनावर घेणार?

थोड्या वेळानं ती पुन्हा काही बोलली, पण आवाज तिचा नव्हता. घोगरा, गळा आवळल्यासारखा. मी वळून पाहिलं. ओठ सुजले होते, डोळे मिटत आले होते. तिला उलटी झाली आणि भिंतीला टेकत टेकत ती खालीच बसली.

"कालचं औषध लागलं हिला!" भाऊ ओरडला. आदल्या दिवशी तिनं बांधापलीकडच्या कपाशीच्या फवारणीचं औषध कालवलं होतं. फवारताना विषबाधा झालेला माणूस त्यानं गावात पाहिला होता, त्यामुळे त्याच्या डोक्यात दुसरं काही येईना. बाहेर माश्यांचा घोंगावता आवाज चालूच होता. दार उघडावं तर माश्या, न उघडावं तर ही डोळ्यांदेखत जाते. आबांचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. तेच म्हणाले, "माले काय व्हयनं नही. तिले देखा पहिले."

आवाज जरा कमी झाल्यावर भावानं पिकअप दाराला लावली. मागे तिला आडवं टाकलं, डोकं आबांच्या मांडीवर. चोपड्यापर्यंत मी तिच्या नाकापुढे हात धरून बसले होते. श्वास लागतोय की नाही, ते खड्ड्यांमुळे नीट कळत नव्हतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. भाऊ औषधाचंच सांगत होता. त्यांनी ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तोंड पाहिलं, पोटावरची साडी बाजूला केली. पोटभर लाल गांधी उठल्या होत्या.

"फवारणीचं विष असतं तर बाहुल्या बारीक झाल्या असत्या, तोंडातून लाळ गळाली असती. माशी चावली का हिला?"

"चावली, पण एकच," मी म्हणाले.

"एक पुरते," त्या म्हणाल्या आणि मांडीत इंजेक्शन दिलं.

दहा मिनिटांनी तिनं पाणी मागितलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

आता संपलं असं वाटलं, तर बाई आबांकडे वळल्या. "बाबा, तुम्ही घरी जायचं नाही."

आबा हसले. बाईंनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावलं. "तिच्या अंगाला माशीचं वावडं आहे, म्हणून एका डंखानं तिच्याच शरीरानं हाहाकार केला. बाबांचं तसं नाही. त्यांच्या अंगात खरोखर खूप विष गेलंय, आणि ते सावकाश चढतं. लघवीचा रंग बघत राहा."

संध्याकाळी तो रंग काळ्या चहासारखा झाला. त्यांना जळगावला हलवलं. मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. चार वेळा डायलिसिस करावं लागलं. यंत्रातून जाणारं आबांचं रक्त बघताना मला त्या सकाळचे त्यांचे शब्द आठवत, माले काय व्हयनं नही. त्यांनाही खरंच तसं वाटलं असणार. तिसऱ्या आठवड्यात लघवी नीट होऊ लागली आणि ते घरी आले. वजन इतकं उतरलं होतं की सदरा अंगात फिरायचा.

"थांब गं जरा" हे मी भावजयीला म्हणाले होते, ते तिला आठवत नाही. मी विचारलं तर म्हणते, तुमी काय बोल्या ते माले ऐकूच उनं नही. यानं मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

पुन्हा माशी चावलीच तर म्हणून डॉक्टरीणबाईंनी भावाला ते इंजेक्शन द्यायला शिकवलंय. घरात औषधाची कुपी आणि सुई एका डब्यात असते. परवा गेले तर तो ओट्यावर बसून कच्च्या केळ्यात सुई टोचून बघत होता. भावजय समोर बसून त्याच्या हाताकडे टक लावून पाहत होती.

"हात हली राहयना तुमना," ती म्हणाली.

त्यानं दुसरं केळं घेतलं.