विठाबाईच्या मानाच्या साड्या

माझ्या सासूबाई विठाबाई. आम्ही घरातले त्यांना आत्या म्हणतो. काचीगुड्यात ऑटोवाल्याला नुसतं 'सोयरीकवाल्या बाई' सांगितलं तरी तो आमच्या दारात आणून सोडतो. नांदेड-परभणीकडून इथं येऊन नोकरीला लागलेली आमची जी बौद्ध घरं आहेत, त्यातली निम्मी एकमेकांची व्याही झाली ती आत्यांमुळे. स्थळ आलं की त्यांचे प्रश्न ठरलेले असायचे. पोराची नोकरी पक्की आहे का? नळाला मंजिरा नदीचं पाणी येतं की बोअरचं? बोअरचं म्हटलं की आत्यांचं तोंड वाकडं. "पोरीचे केस गळतेत त्यानं," म्हणायच्या. पोरगा-पोरगी एकमेकांशी काय बोलतील, हे मात्र त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

आत्या या कामाचे पैसे घेत नाहीत. लग्न लागलं की दोन्ही घरांकडून मानाची साडी घेतात, आणि ती मात्र हक्कानं घेतात.

काचीगुड्यातल्या तातेरावांची रोशनी आणि दिलसुखनगरच्या अंबाजींचा प्रज्ञेश, ही जोडी त्यांनीच जुळवलेली. दोघंही गुणी. फक्त समोरासमोर बसले की दोघांना जांभया यायच्या. भांडण नाही, मारहाण नाही, तिसरं कोणी नाही. शेवटी दोघांनी मिळून सांगितलं, आम्हाला वेगळं व्हायचंय. रोशनी माहेरी आली. तिला विशाखापट्टणमला चांगली नोकरी मिळत होती, पण तातेराव म्हणाले, घटस्फोटाचे कागद झाल्याशिवाय पोरगी कुठं जाणार नाही.

आता कागद व्हायला किती वेळ लागावा? नारायणगुड्याच्या सुनंदा वकिलांनी सांगितलं, दोघं राजी आहात, एकच अर्ज करू, खर्च कोणी करायचा ते तुम्हीच ठरवा. झालं! इथंच गाडं अडलं. दोन्ही बापांच्या डोक्यात एकच बसलं होतं, की जो वकिलाचे पैसे देईल त्यानं संसार मोडला.

"मग अर्धा-अर्धा करा की. लग्नाचा नव्हता का केला?" मी तातेरावांना म्हटलं.

"अर्धा खर्च म्हंजे अर्धी चूक," तातेराव कडाडले. "आमच्या पोरीची पाव चूक पण नाही!"

तिकडं अंबाजींचं तेच. रोशनी म्हणाली, माझे पैसे मी देते. बाप म्हणाला, दिलेस तर मोडणारी तू ठरशील. प्रज्ञेशलाही घरी हेच ऐकायला मिळालं. मला तर दोन्ही म्हाताऱ्यांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी वाटायची. विशाखापट्टणमचे लोक किती दिवस थांबणार? एकदा रोशनी आमच्याकडं येऊन आत्यांपुढं रडली. "मावशी, मेरा दोष नक्को, त्याचा बी नक्को. मला फक्त जाऊ द्या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी पाहते तर आत्या माझ्या पोराच्या अंथरुणातली वाकळ घेऊन अंगणात बसलेल्या, आणि तिचे टाके उसवतायत. त्या वाकळेला वरून रोशनीच्या माहेरची मानाची साडी होती, खालून प्रज्ञेशच्या घरची. "अहो आत्या, चांगली वाकळ कायकू फाडताय?" मी ओरडले. "तू गप, गीता," एवढंच उत्तर आलं.

रविवारी त्यांनी सगळ्यांना वकिलीणबाईंच्या ऑफिसात बोलावलं आणि दोन्ही साड्या टेबलावर ठेवल्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, पण टाक्यांची भोकं कुठं लपतात?

"ही तुमची, तातेराव. ही तुमची, अंबाजी. सोयरीक मी जुळवली, चूक माझी. मानाची साडी वापस. वकिलाचा खर्च बी माझाच."

"असा कुठं रिवाज असतो का, वैनी?" तातेराव चाचरले.

"आजपासून हाय."

दोघं बाप एकमेकांकडं बघायला लागले. एका म्हातारीनं आपला खर्च भरायचा? मग काय विचारता! मी देतो, नाही मी देतो, अशी पाकिटांची ओढाताण सुरू झाली. तेवढ्यात रोशनी आणि प्रज्ञेश यांनी मोबाइल काढून वकिलीणबाईंच्या टेबलावरचा कोड स्कॅन केला आणि आपापला अर्धा खर्च भरून टाकला. त्या दोघांचं न बोलता एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

घटस्फोट झाला. रोशनी विशाखापट्टणमला गेली. पण आत्यांची किंमत गेली. 'विठाबाईनं स्वतः चूक कबूल केली म्हणे,' हे सगळीकडं झालं आणि आमच्याकडं स्थळं यायची बंद झाली. आत्या फोन चार्जिंगला लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. दोन बापांची अब्रू वाचली, माझ्या सासूची गेली. बोलून दाखवलं तर म्हणायच्या, "पोरगी गेली ना? मग झालं."

बुद्ध पौर्णिमेच्या आधी रोशनी सुट्टीवर आली आणि आत्यांच्या हातात पुडकं दिलं. आत पांढरी साडी, निळ्या काठांची. "जुळवल्याच्या दोन मिळाल्या होत्या ना, मावशी. ही सोडवल्याची." आत्यांनी काठ नीट पाहिला, पोत चिमटीत धरून पाहिला आणि मग घळाघळा रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

पौर्णिमेला विहारात त्या तीच साडी नेसून गेल्या. शेजारी बसलेल्या त्रिवेणीबाईंनी पदर हातात घेतला. "छान हाय हो. कुणाच्या लग्नातली?"

"रोशनीच्या घटस्फोटातली," आत्यांनी ठणकावून सांगितलं. पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या.

त्रिवेणीबाई जरा जवळ सरकल्या. "आमच्या केतकीसाठी एखादं स्थळ बघता का?"

"का बरं? दुसरे मध्यस्थ सरले?"

"ते हायेत की. लग्न लागलं की फोन उचलत न्हाईत."

आता मंजिराचं पाणी निघणार, म्हणून मी कान टवकारले. आत्यांनी पदर सावरला.

"आधी सांग, केतकीला विचारलंस का?"