मधलं लिही

"मधलं लिही," वहिनी म्हणायच्या आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायच्या. मी जर्मन वाक्य वाचून, त्याचं मराठी करून, पाच पर्याय समजावून सांगेपर्यंत त्यांची कोथिंबीर निवडून झालेली असायची. वाक्य कुठलंही असो. सकाळी उठल्यावर मला उत्साह वाटतो. मधलं लिही. माझं म्हणणं लोक ऐकून घेतात. मधलं लिही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चहा हवा का विचारलं तर "करणार असाल तर" म्हणणारी.

ही गोष्ट डार्मश्टाटची, दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील इचलकरंजीत मागावर, आई कांड्या भरायची. हे मी कुणी न विचारताही सांगते. एका जर्मन घरात मुलं सांभाळायला म्हणून आले, भाषा शिकले आणि मानसशास्त्र शिकायचं ठरवलं. पण आपली बारावी तिथल्या विद्यापीठाला पुरत नाही. आधी श्टुडियनकोलेग, म्हणजे तयारीचं कॉलेज. तिथे वर्ष काढायचं, परीक्षा द्यायची आणि मग विद्यापीठात जागा मागायची. मानसशास्त्राला जागा कमी, त्यामुळे एकेक गुण महत्त्वाचा.

कोलेगात आम्हाला एक प्रात्यक्षिक होतं. ओळखीतलं एक माणूस निवडायचं, दर महिन्याला त्याला तीच प्रश्नावली द्यायची आणि काय बदलतं ते बघायचं. मी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना धरलं. त्यांचे यजमान मोटारींच्या कंपनीत इंजिनीअर. त्यांना मी दादा म्हणायचे. आठ वर्षांची मुलगी होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं.

वहिनी स्वतः एका चष्म्याच्या दुकानात आउसबिल्डुंग करत होत्या. काही दिवस दुकानात काम, काही दिवस शाळा, असं तीन वर्षांचं शिक्षण. त्यांचं दुसरं वर्ष चालू होतं. बोलता बोलता त्या समोरच्याचा चष्मा हक्काने काढून घ्यायच्या, काड्या वाकवायच्या, परत चढवायच्या आणि मागे सरून बघायच्या. "तुझा डावा कान वर आहे," असं मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. त्या वेळी मात्र त्यांना काहीही मधलं चालायचं नाही.

याआधी ब्राउनश्वाइगला असताना त्यांना असंच एका दवाखान्यात शिकायला मिळालं होतं. तेवढ्यात दादांनी नोकरी बदलली. वहिनी शिक्षण अर्धवट टाकून सामानासकट डार्मश्टाटला आल्या. तेव्हा त्या काय म्हणाल्या असतील, हे मला विचारावं लागलं नाही.

माझे कागद बघून कोलेगातल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या खुणा एकाखाली एक, सरळ रेषेत. "आल्झो, म्हणजे ही बाई जिवंत आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे, पोळ्या फार छान करते. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "मधला पर्याय काढून टाक. पाचाचे चार कर. अशा लोकांसाठी तसंच करतात."

मी तसं केलं. त्या संध्याकाळी वहिनींनी पहिल्यांदाच कागद स्वतःच्या हातात घेतला.

"मधलं कुठंय?"

"काढलं."

"का गं?"

"बाईंनी सांगितलं. आता इकडे नाही तर तिकडे."

वाक्य होतं, माझ्या आयुष्यातले निर्णय मी घेते. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि कागद मला परत दिला. "बसायची खुर्ची काढून घेतलीस की," म्हणाल्या. "आज राहू दे." मग त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं.

जेवताना दादांनी विषय काढला. त्यांना म्युनिकजवळ, उंटरश्लाइसहाइमला नोकरी मिळत होती. पद मोठं, कामही त्यांच्या आवडीचं. उन्हाळ्यात जायचं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "तुला चालेल ना?"

वहिनी पोळीला तूप लावत होत्या. "एक," त्या म्हणाल्या.

"एक काय? पोळी?"

"एक ते चारातलं एक."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. मुलीने मान वर न करता सांगितलं, "एक म्हणजे गार निश्ट, पापा. अजिबात नाही."

"अगं, पण तिकडेही चष्म्याची दुकानं असतीलच की," दादा म्हणाले.

"अहो, दवाखानेही होतेच की इकडे." वहिनींचा आवाज नेहमीचाच होता. "मी हे पूर्ण करणार आहे. इथेच." आणि तूप लावलेली पोळी त्यांनी दादांच्या ताटात वाढली.

दादा वाईट माणूस नव्हते. इतकी वर्षं त्यांनी विचारलं होतं आणि इतकी वर्षं त्यांना "चालेल" ऐकू आलं होतं. त्यांनी ती नोकरी घेतली, पण एकट्याने. सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे, शुक्रवारी यायचे. जर्मनीत असं पुष्कळ जण करतात. आपल्या लोकांत मात्र त्यावर बरंच बोललं गेलं.

प्रात्यक्षिकाचा शेवटचा कागद मी कोराच दिला आणि तो कोरा का, ते बाईंना तोंडी सांगितलं. जेवणाचा प्रसंग सोडून. गुण बरे पडले.

मला जागा मिळाली ती ब्राउनश्वाइगला, वहिनींनी सोडलेल्या गावात. शरद ऋतूत निघाले तेव्हा त्या दुकानातून परस्पर स्टेशनवर आल्या, गळ्यात दुकानातल्या ओळखपत्राची पट्टी तशीच. डब्यात खायला दशम्या दिल्या. तिकडे कुठल्या बेकरीतला ब्रेड घ्यायचा नाही, तेही सांगितलं. गाडीची घोषणा झाली. प्रश्न विचारायची मला सवय झाली होती.

"मी चालले, वहिनी. कसं वाटतंय? एक ते चार."

"मधलं लिही."

"मधलं आपण काढलंय."

त्यांनी दोन्ही हातांनी माझा चष्मा काढून घेतला. चष्म्याशिवाय मला हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही. फलाट, गाडी, वहिनी, सगळं एकमेकांत मिसळलं. त्या काचा पुसत असाव्यात. बराच वेळ पुसत होत्या.

"मग आजच्यापुरतं परत घाल," त्या म्हणाल्या.

चष्मा त्यांनी बरोबर बसवून दिला. पण त्या दिवशी मागे सरून बघितलं नाही. मला स्पष्ट दिसायला लागलं तेव्हा त्या जिन्याकडे निघाल्या होत्या, आणि मला त्यांची पाठ तेवढी दिसली.