म्हसोबाला बोललेली बाटली

गोरक्ष माझा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या पाठचा. आणि कोथिंबिरीची जुडी बांधावी ती त्यानंच. खोटं वाटत असंल तर मखमलाबादला येऊन कोणालाबी विचारा. डाव्या मुठीत काड्या धरायचा, उजव्या हातानं सुतळीचा एक फेरा, एक गाठ, झालं. लिलावात व्यापारी ती जुडी उचलून झटकायचे, तरी एक काडी खाली पडायची नाय. "ही पुंजारामच्या भावाची," असं लांबूनच ओळखायचे. पुंजाराम म्हंजे मी. मळा आमच्या दोघांचा, नाव मात्र त्याच्या हातानं झालं, हे मी कुठंबी छाती पुढं काढून सांगतो.

तो हात दारूनं नेला. पहिल्यांदा मार्केटातून येताना, मग जातानाबी, मग उठल्या उठल्या. शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असंल. एका सकाळी व्यापाऱ्यानं त्याची जुडी उचलली, झटकली आणि निम्मी कोथिंबीर पायाखाली सांडली. कोणी हसलं नाय. हसले असते तर बरं झालं असतं. गोरक्ष गाळ्याच्या मागं जाऊन बसला आणि स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. ते पारावरच्या पिंपळपानांसारखे हलत होते. मी शोधत गेलो तर म्हणाला, "दादा, मला कुठंतरी कोंडून घाल."

पेठ रोडला भिमाजी अण्णांचं केंद्र होतं. तिथं राहूनच व्यसन सोडायचं. जुन्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये खाटा टाकलेल्या, म्हणून तिथली माणसं त्याला खुराडंच म्हणायची. अण्णा एकेकाळचे ट्रक ड्रायव्हर, स्वतः दारूत बुडून वर आलेले. गोरक्षला सुरुवातीला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायच्या, अंग थरथरायचं. डॉक्टर येऊन सुई देऊन जायचा, पण पायथ्याशी बसायचे ते अण्णा. खोबरेल लावून काशाच्या वाटीनं त्याचे तळपाय घासायचे. उलटी झाली की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "झकास! भाडेकरू निघाला घरातून."

रोज सकाळी सगळे गोल करून बसायचे. एकेकानं उठायचं, नाव सांगायचं आणि म्हणायचं, "आजचा दिवस पिणार नाय." उद्याचं कोणी बोलायचं नाय, हा तिथला नियम. गोरक्ष लय दिवस नुसतं नाव सांगून खाली बसायचा. पुढचं तोंडातून निघायचं नाय त्याच्या. एका सकाळी निघालं. त्या दिवशी त्यानं शेडमागची पडीक जागा खणून धने टाकले.

कोथिंबीर वर आली तशी अण्णांना एक युक्ती सुचली. नवीन पेशंट आला, की त्याला गोरक्षपुढं जुड्या बांधायला बसवायचं. कोणी कारकून, कोणी रिक्षावाला, सगळ्यांचे हात सारखेच हलायचे. जुडी सुटायची, परत बांधायची. गोरक्ष कोणावर चिडायचा नाय. "सुटू दे," म्हणायचा, "माझीबी सुटली होती, भर लिलावात." ज्या दिवशी जुडी झटकून टिकायची, त्या दिवशी तो माणूस पोटभर जेवायचा. आता सांगा, अशी शाळा माझ्या भावाशिवाय कोणी काढली असती?

पण त्याची स्वतःची मुदत संपली तरी तो घरी येईना. अण्णा म्हणायचे, "जा की आता. सुवर्णा वाट बघती." सुवर्णा त्याची बायको. हा म्हणायचा, "मेथी पेरलीय, ती निघू द्या." मेथी निघाली, पालक लागला. पालक निघाला, आणखी काहीतरी. अण्णांना वाटलं, पोराला खुराड्याची माया लागली.

खरं कारण आमची आई. भागुबाई.

एका रविवारी भेटीच्या वेळेला आई भाकरी-ठेचा घेऊन गेली आणि अण्णांसमोरच बोलून बसली. "गोरक्ष, अमावस्येला घरी ये. बांधावरच्या म्हसोबाचा नवस फेडायचाय. तुझी दारू सुटली तर तुझ्या हातानं बाटली देईन, असं बोलले मी त्याला."

अण्णांच्या घशात भाकरीचा घास अडकला. "आजी, दारू सुटावी म्हणून दारू?"

"मग काय पेढे देऊ? त्याला तेच चालतं. देवाला त्याच्या आवडीचं द्यावं."

अण्णा हसले, पण गोरक्ष हसला नाय. त्याला हे आधीच ठाऊक होतं, म्हणून तर तो पालक पेरत बसला होता. आमच्याकडं रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानंच बाटली फोडायची. अर्धी दगडावर ओतायची आणि मग गिलासभर प्रसाद म्हणून घ्यायची. प्रसाद सांडला, टाकला, की म्हसोबा दिलेलं परत घेतो. नवस फेडला नाय तर पोरगं परत दारूला लागंल, ही आईची भीती. आणि फेडला तर परत लागीन, ही गोरक्षची.

"आई, नारळ दे ना त्याला."

"नारळ बोलले असते तर नारळ दिला असता. जबान दिलीय रे, गोरक्ष. मला झोप नाय लागत."

अण्णांनी हातातली भाकरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "जा बाबा. जन्मभर बांधाला घाबरून खुराड्यात राहशील का? फक्त संध्याकाळी माघारी ये आणि 'हा' कर." बाहेरून येणाऱ्यानं अण्णांच्या तोंडासमोर 'हा' करायचं, हा तिथला दुसरा नियम.

अमावस्येला भर दुपारी आम्ही बांधावर गेलो. बाभळीखाली शेंदूर लावलेला म्हसोबा, पुढं सोमा भगत, आई, सुवर्णा आणि मी. बाटली आईनं पदराखाली आणलेली, तान्ह्या पोराला उन्हातून न्यावं तशी. गोरक्षनं ती हातात घेतली. एवढे दिवस सुतळी धरलेला हात, पण बाटलीला लागला आणि जुनी थरथर सुरू झाली. झाकण फिरवलं. वास आला. त्यानं नंतर सांगितलं, "दादा, तोंडाला असं पाणी सुटलं की मला माझीच घाण वाटली."

दगडावर ओतली. शेंदूर ओला झाला. उरलेली सोमानं गिलासात काढली. "घे रे. एवढी घेतली की सुटलास."

गोरक्षनं गिलास घेतला. वर नेला नाय, खाली ठेवला नाय. सुवर्णानं डोळे मिटले. त्याच्या मनात एकच चाललं होतं, आजचा दिवस, आजचा दिवस, आणि दिवस काय सरत नव्हता.

मला राहवलं नाय. मी पुढं झालो. "आण इकडं. मी घेतो. आम्ही भाऊ काय वेगळे नाय."

"तू कोण?" सोमा भगत खेकसला. "तू नवस बोलला का तुझ्यासाठी बोलला? बाटली ज्याच्यासाठी बोलला त्यानं फोडायची, पण प्रसाद त्यानं न्हायतर नवस बोलणाऱ्यानंच घ्यायचा. तिसऱ्याचं काम नाय."

"मग मी बोलले ना?" आई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडं बघतच राहिलो. आमच्या घराण्यातल्या बाईनं कधी ताडी हुंगली नाय. तिनं गोरक्षच्या हातातून गिलास काढून घेतला, पदर डोक्यावर नीट केला, म्हसोबाला हात जोडले आणि औषध घ्यावं तशी एका दमात घटाघट प्याली. डोळे पांढरे झाले, खोकला आला, तरी थेंब सांडू दिला नाय.

"पावला का रे बाबा?" दगडाला विचारलं तिनं. मग सोमाला, "फिटला का?"

सोमानं दोन्ही कानांना हात लावले. "फिटला, भागुबाई. पुरा फिटला."

घरी येताना आईनं एक ओवी धरली, निम्म्यातच सोडली. बांधावरच्या शेवग्याला "सरक की बाजूला" म्हणाली. घरापाशी येता येता पाय गेले तिचे. गोरक्षनं तिला उचलून आणलं. खुराड्यात नवीन पेशंट खाटेवर टाकतात तसं, मान एका कुशीला करून झोपवलं. संध्याकाळ झाली तरी तो पेठ रोडला माघारी गेला नाय.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता लूना वाजली. अण्णा आले होते. चेहरा असा, की मयताला आलेत. ओसरीवर पाय ठेवला आणि दारूचा वास आला. सुवर्णा राख टाकून झाडत होती. अण्णा खांबाला धरून उभे राहिले.

"गोरक्ष," हळूच म्हणाले, "हा कर."

आत गोरक्ष आईच्या पायथ्याशी बसला होता. हातात काशाची वाटी, आईचा एक पाय मांडीवर. तो उठला, अण्णांसमोर आला आणि 'हा' केलं. अण्णांनी हुंगलं. परत करायला लावलं. परत हुंगलं.

"मग हा वास कोणाचा?"

सुवर्णानं झाडूनंच खाटेकडं दाखवलं.

आई डोक्याला फडकं बांधून पडली होती. अण्णांना बघून तिनं तोंडावर पदर ओढला. अण्णा पायथ्याशी उकिडवे बसले. सगळं ऐकलं. हसायला तोंड उघडलं, पण डोळेच भरले त्यांचे.

"आजी, उलटी झाली?"

"दोनदा झाली, बाबा."

"झकास! भाडेकरू निघाला. आता नाव सांगा."

"भागुबाई," आई पदराआडून म्हणाली. "आजचा दिवस पिणार नाय. उद्याबी नाय."

"उद्याचं बोलायचं नाय, आई," गोरक्ष म्हणाला.

आईनं पदर बाजूला केला. त्याच्याकडं बघितलं. "एवढी कडू, एवढी जळजळ. आणि तू रोज प्यायचास रे?"

"हो."

"का रे, बाळा?"

 गोरक्षनं लिंबूपाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला आणि ती पिईपर्यंत मानेखाली हात धरून ठेवला. तो हात मी बघत होतो. जरा हलला नाय.

अण्णा उठले. "चल गोरक्ष, नवीन दोघं आलेत काल. हात लय हलतात त्यांचे."

"तुम्ही व्हा पुढं, अण्णा. मी रोज दुपारी येत जाईन त्यांच्यासाठी. रात्री घरी." मग मळ्याकडं बघून म्हणाला, "इथली कोथिंबीरबी काढणीला आलीय. दादाला जुडी बांधता येत नाय."

हे मात्र त्यानं उगाच म्हणलं. मला येते.

तो अण्णांना लूनापर्यंत सोडायला निघाला, तर आतून आईचा आवाज आला, "आरं गोरक्ष, दुसरा पाय राह्यला!"