समोरून टाकलेला उजेड

नवऱ्याला वाटतं, मला गर्दी सोसत नाही म्हणून मी नदीकडे फिरायला जात नाही. लेकाला वाटतं, माझे गुडघे दुखतात. दोघांनाही मी तसंच वाटू दिलंय. खरं कारण आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. तुम्हाला सांगते — तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही, म्हणूनही असेल.

मी विजेची इंजिनिअर. लग्नाआधी मुंबईत एका ऑफिसात इमारतींना बाहेरून उजेड कसा द्यायचा ते शिकले. लग्न होऊन कोल्हापुरात आले, मंगळवार पेठेत. सासऱ्यांचं वायर-बटणांचं दुकान होतं. नव्वदच्या त्या दिवसांत इथं कुणाला सांगितलं की मी प्रकाशयोजना करते, तर विचारायचे, "नाटकाची व्हय?" मंगल कार्यालयं केली, एक-दोन देवळं केली. आणि मग पूल मिळाला.

पुलाचं नाव सांगत नाही, ज्या खात्याचा होता त्याचंही नाही. माझ्या करणीला दुसऱ्याचं नाव कशाला चिकटवू? जुना दगडी पूल, कमानींचा. त्याच्या एका टोकाला नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या कडेनं वर गेलेली उंच दगडी भिंत. मागं मातीचा भराव, पुढं ही भिंत.

दगडाला उजेड देण्याच्या दोन रीती असतात. दिवा भिंतीच्या पायाशी चिकटवून झोत सरळ वर सोडला, तर दगडाचा कण न् कण उठून दिसतो — खाचा, टाकीचे घाव, सगळं. आणि दिवा लांब नेऊन समोरून टाकला, तर सगळं सपाट होतं. गुळगुळीत. फोटोत चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जाव्यात तसं. मी पहिली रीत धरली होती. मला त्या दगडाचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, माझाही होता.

दिवस मावळताना चाचणी घेतली. माझे दीर वायरिंग बघत होते. त्यांनी खटका दाबला, पिवळा झोत भिंतीवरून वर चढला — आणि मधेच अडला. तिथं सावली पडली होती. रुंद, वाकडी. पोट सुटलेल्या माणसावर खालून बॅटरी मारली, तर छातीवर पडेल तशी.

दीर म्हणाले, "वैनी, ते काय दिसतंय?"

"ओल असंल, भावजी."

ओल? ओलीची सावली पडते होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. उन्हात काही दिसत नव्हतं. नेहमीचीच भिंत. पण तळवा टेकवत टेकवत सरकले, तसा हात पुढं ढकलला गेला. दोन दगडांच्या सांध्यात माझी बोटं आत गेली. आतून गार हवा आली. आमच्याकडे म्हणतात, भिंतीनं पोट काढलंय. ज्या भिंतीनं पोट काढलं ती पुढं काय करते, हे सांगायला इंजिनिअर कशाला लागतो?

खात्यातल्या साहेबांना एक शब्द सांगायचा होता, बस्स. पण काम थांबलं असतं. समारंभ ठरलेला, पाहुणे ठरलेले. सासऱ्यांनी अख्ख्या पेठेला सांगून ठेवलेलं, आमच्या सूनबाई पूल उजळणार म्हणून. मला वाटलं, समारंभ होऊ दे, मग सांगू.

मी दिवे उचलले. समोर खांब उभे करून त्यांवर चढवले आणि उजेड समोरून टाकला. सावली गेली. भिंत कशी — धुतलेल्या पाटीसारखी.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, दिवे आधी खाली होते की?"

"पुरात बुडतील, साहेब," मी म्हणाले. त्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मी विचार करूनच ते निवडलं होतं.

समारंभ झाला. मी मात्र "मग" काही सांगितलं नाही. महिना गेला, वर्ष गेलं — आता सांगितलं, तर आधी का नाही सांगितलंस, हे आलंच की. उशीर जितका वाढतो तितकं तोंड जड होतं. तुम्हाला कधी असं झालंय?

उजेड आला तशी माणसं आली. पूर्वी संध्याकाळी तिथं कुत्रं फिरकत नव्हतं. आता पोरं, जोडपी, भेळेच्या गाड्या. त्यांतच गुरुसिद्धमामा आणि गंगव्वा आले. नवरा-बायको, सीमेकडची माणसं, घरात कन्नड, बाहेर मराठी. पूर्वी एका देवळाच्या कोपऱ्यावर बेल-फुलं विकायची. एकदा मी दिवे बघायला गेले होते, तेव्हा मामांनी मला गाठलं. वयानं माझ्या वडलांएवढे, पण मला अक्का म्हणायचे.

"अक्का, ह्या भिंतीच्या बुडाला बसू काय? उजेड लई झ्याक पडतोय की हितं. फुलं ताजी दिसत्यात."

मी काय म्हणाले माहीत आहे? "बसा की मामा. मला काय इचारताय?"

गंगव्वानं माझ्या हातात शेवंतीची वेणी ठेवली. मी ती केसांत माळून घरी आले.

पावसाळ्याच्या तोंडावर मामांनी ताडपत्री बांधायला काढली. भिंतीच्या सांध्यांत लोखंडी खुंट्या ठोकत होते, मी पुलावरून जाताना पाहिलं. त्यांनी हात वर करून हाक मारली. मीही हात केला, आणि गाडीला किक मारून निघाले.

त्या साली नदी चांगलीच चढली. पाणी भिंतीच्या निम्म्यापर्यंत आलं, काही दिवस राहिलं, मग उतरलं. स्वच्छ ऊन पडलं. आणि हेच वाईट असतं — पाणी असतं तोवर ते भिंतीला पुढून धरून ठेवतं. उतरलं, की मागचा भिजलेला भराव तेवढा उरतो, ढकलायला.

श्रावणातला सोमवार होता. मामा चहा आणायला रस्त्यापलीकडे गेले होते. गंगव्वा बेलाच्या जुड्या बांधत बसली होती. आवाज पेठेपर्यंत काही आला नाही. दीर दुकानात आले, घामेघूम, आणि म्हणाले, "वैनी, ती भिंत आली की खाली."

कुठली, असं मी विचारलं नाही.

गंगव्वाला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. दिवे आपोआप लागले. माझ्या दिव्यांच्या उजेडात लोक दगड उचलत होते.

इथवर सांगून थांबले असते, तर तुम्ही म्हणाला असता — भित्री बाई, गप्प राहिली. आजवर मनातल्या मनात मीही एवढंच कबूल करत आले. पण एवढंच नाही ना.

चौकशीला माणसं आली. मलाही बोलावलं. एकानं सहज विचारलं, "तुमच्या कामाच्या वेळी भिंत कशी होती?"

मी म्हणाले, "ठणठणीत होती."

त्यांनी ते लिहून घेतलं. पुढचं कुणी विचारलंच नव्हतं. मीच बोलले. "नंतर त्या फुलवाल्यानं सांध्यांत खुंट्या ठोकल्या. मी डोळ्यांनी बघितलंय."

खुंट्यांचं तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हतं. चार दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झालं. गंगव्वाच्या भावांनी मामांना दारात उभं करून ऐकवलं, "आमच्या भैनीला तूच मारलंस. आता तुजं तोंड दावू नगंस." मामांच्या एकुलत्या लेकीला, महादेवीला, त्यांनी आजोळी नेऊन ठेवलं. तिचं लग्नही त्यांनीच लावलं. मामा मांडवाबाहेर उभे होते म्हणे.

आणि मामा माझ्याकडं आले होते. दुकानात, भर दुपारी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"अक्का, तू शिकल्याली हाईस. खरं सांग. चार खुट्ट्यांनी एवढी भिंत पडती?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सासरे वर जेवायला गेलेले. माझ्यासमोर तो माणूस, आणि त्याचा तो प्रश्न. नाही, एवढंच म्हणायचं होतं. नाही पडत, मामा. एवढं तरी. माझं नावसुद्धा त्यात येत नव्हतं!

मी म्हणाले, "आता ते उगाळून काय उपयोग, मामा?"

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "व्हय," म्हणाले, "म्हंजे पडती." आणि पायरी उतरून गेले.

त्यानंतर ते गावी परतले. बरीच वर्षं जगले; उतारवयात महादेवी त्यांच्याकडे येऊन-जाऊन असायची. मेले, तेव्हा महादेवीनं मला निरोप धाडला. मी गेले. त्यांच्यातल्या रीतीनं मामांना बसवून फुलांनी मढवलं होतं. माती देऊन माणसं परतली, मग आम्ही दोघी घरात बसलो. भिंती कोऱ्या होत्या. देवाची तसबीर जमिनीवर टेकवून ठेवलेली, कॅलेंडर खिडकीत घडी करून. मी बघतेय हे तिला कळलं.

"अप्पांनी घरात एक खिळा ठोकू दिला न्हाई," ती म्हणाली. "मी ठोकाय गेले तर हातोडी काढून घ्यायचे." मग माझा हात धरून म्हणाली, "समद्यांनी त्यांना दोष दिला, आई खाल्ली म्हणून. माझ्या मामांनी, शेजाऱ्यांनी, मी बी. तुमी एकल्याच न्हाई दिला, अक्का. अप्पा लई नाव काढायचे तुमचं."

मी काय केलं? हात सोडवून घेतला नाही. तिनं चहा टाकला, तो प्यायले. तिच्या पोरीच्या हातावर खाऊला पैसे ठेवले. महादेवी कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, एसटी दिसली तसा तिनं पुढं होऊन हात केला, आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी तिला आशीर्वाद दिला.