कुलपातली स्टेपनी

पुंजाजी ड्रायव्हरला भगवंतरावांनी तोंडावर कधी चोर म्हटलं नाही. त्यांच्या छोट्या ट्रकची स्टेपनी ढाब्यावरून चोरीला गेली, तेव्हा ते ‘जाऊ दे’ एवढंच म्हणाले. मग नवी आणली, गाडीच्या पोटाखाली बसवली, साखळीनं आवळून कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. बारा वर्षं त्यांची गाडी चालवणारा माणूस बाजूला उभा राहून बघत होता. याला म्हणतात मोठ्या माणसाचं सभ्य वागणं!

एप्रिलच्या भर दुपारी पुंजाजी खामगावहून कोंबडीची पिल्लं घेऊन जानेफळला निघाला होता. पिल्लं बचत गटाच्या बायांची आणि गटाची अध्यक्ष त्याचीच बायको, महामाया. “माह्या घरचे आणून राह्यले, एकही मरनार नाही,” असं तिनं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

देऊळगाव साकर्शाच्या पुढे पुढचा टायर फुटला. चारच चाकांची गाडी, एक गेलं की खेळ खलास. मालकाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. एक जीप थांबली, पण तिच्या टपावरही माणसं बसलेली. इकडे खोक्यांतला चिवचिवाट कमी होत चालला. कुलूप तोडावं तर मालकाचा संशय पक्का होणार. न तोडावं तर बायको चारचौघींत तोंडघशी पडणार.

“मरो ते कुलूप!” म्हणत त्यानं दगड उचलला. गाडीखाली आडवा होऊन घाव घालत सुटला. बोटं सोलली, डोळ्यांत गंज गेला. शेवटी कुलूप तुटलं, खटपट करून त्यानं स्टेपनी खाली उतरवली, उजेडात ओढली आणि बघतच राहिला. टायर जुनाट, गुळगुळीत. तारा बाहेर आलेल्या, हवेचा पत्ता नाही. भंगारवाल्यानं फुकटही नेला नसता.

तेवढ्यात मालकाचाच फोन आला.

“काऊन रे पुंजाजी, इतके फोन?”

“टायर फुटला मालक. कुलूप तोडा लागलं. पण हा तं फाटका टायर हाय!”

“नवा म्या दिवाळीतच काढून घरी ठेवला. आजकाल कोनाचा भरोसा हाय? पन तू कुलूप काऊन तोडलं?”

पुंजाजीला रडू फुटलं. त्यानं फोन तसाच सीटवर टाकला, गाडी सुरू केली आणि मालकाची रिम खराब होईल म्हणून इतका वेळ जे टाळलं होतं तेच केलं. फुटलेला टायर फरफटवत, रिमवरच गाडी जानेफळच्या रस्त्याला घातली. लोखंड डांबरावर खडखडत होतं. त्या आवाजात मागची पिल्लं अजून ओरडताहेत की नाही, ते काही केल्या त्याला ऐकू येईना.