फोर एचचे चर

रेघ कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य मी भोकरदनच्या एका शिक्षक-कार्यशाळेत फळ्यावर लिहिलं होतं आणि समोरच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. रेघेबद्दल ते खरं असेलही. रेघ काढणाऱ्याबद्दल मी काही म्हटलं नव्हतं.

त्याच कार्यशाळेत ठरलं, की मुलांसाठी सापांवर बारा पानांची चित्रकथा करायची. कोणता साप विषारी, चावला तर काय करायचं, मांत्रिकाकडे का न्यायचं नाही. गोष्ट आणि पेन्सिलची चित्रं माझी. शाई फिरवायला मी जुन्या जालन्यातले एक चाचा गाठले. कापडाची दुकानं, आडती, दवाखाने, सगळ्यांच्या पाट्या त्यांनी उभ्या हयातीत रंगवलेल्या, मराठीतही आणि उर्दूतही. फ्लेक्स आल्यापासून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नंबर टाकण्यापुरतं काम उरलं होतं. पण खारीच्या केसांचा ब्रश घेऊन ते एका दमात हातभर वळण काढत. खाली पेन्सिल नाही. फार तर खडू लावलेला दोरा ताणून एक आडवी ओळ. पेन्सिलीवरून चालणारा माणूस गिरवतो, लिहीत नाही, असं त्यांचं मत होतं.

मी त्यांना अर्धा तास पेन्सिल समजावली. बी म्हणजे मऊ, एच म्हणजे कडक, आकडा वाढेल तसा गुण वाढतो. मी खास मागवलेली फोर एच वापरली होती. बारीक कामाला कडक पेन्सिल घ्यावी, असं कुठेतरी वाचलं होतं. ती किती दाबावी हे तिथे लिहिलेलं नव्हतं, किंवा मी तिथवर वाचलं नव्हतं. चाचांनी ऐकून घेतलं. बराबर आहे म्हणाले, तुम्ही शिकलेले.

पहिल्याच पानावर सापाच्या पाठीची लांब रेघ होती. ती मध्येच अडखळली आणि शाई बाहेर झिरपून तिला दोन्ही बाजूंनी केस फुटले. दुसऱ्या पानावरही तेच. चाचांनी पाणी बदललं, ब्रश बदलला, शाई गाळून घेतली. कागदाकडे त्यांनी संशयाने पाहिलं नाही. पत्र्यावर आणि भिंतीवर आयुष्य काढलेल्या माणसाला कागद दगा देईल असं वाटत नसावं. शेवटी त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि ते त्याच्याकडे बघत बसले.

"हात गेला, सर," ते म्हणाले.

आतून चाचींना बोलावून त्यांनी ब्रश त्यांच्याकडे दिले. शिलाई मशीनला तेल सोडायला होतील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर मीच ब्रश चालवला. तसेच केस फुटले. पान खिडकीशी तिरपं धरलं तेव्हा दिसलं, की माझ्या फोर एचने कागदात चर पाडले होते. रबराने पेन्सिल जात होती, चर जात नव्हता, आणि शाई त्यात उतरून पसरत होती. माझ्या स्वतःच्या हाताबद्दल मला क्षणभरही शंका आली नव्हती, हेही इथे नोंदवायला हवं.

चाचांचं घर गाडीवर दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. गेलो असतो तर ते अर्ध्या तासाचं व्याख्यान परत घ्यावं लागलं असतं. पुस्तिका का रखडली असं इतर शिक्षकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, की चाचांचा हात आता राहिला नाही. पडेल आवाजात म्हणालो. सगळे हळहळले. मीही हळहळलो.

असे सहा महिने गेले. मग पिंपळगाव रेणुकाईचा एक ट्रॅक्टरवाला बोलता बोलता म्हणाला, की चाचांनी त्याला नंबर न टाकताच परत पाठवलं. आता न्हाई जमत म्हणाले. तेव्हा मात्र मी ते पान घेऊन गेलो. उजेडात तिरपं धरून दाखवलं आणि सगळं सांगितलं. चाचांनी चरातून नख फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

"सहा महिने झाले, मी चारचौघांत चहा पिलो न्हाई," ते म्हणाले. "कप हलताना दिसंल म्हणून."

मी म्हणालो, माझ्याकडून अनवधानाने झालं.

"पहिल्या दिवशी झालं असंल. मंग?"

मी पिशवीतून नवी पेन्सिल काढली.

त्यांनी ब्रश मागवला. चाचींनी तो आणला, मशीनच्या तेलाने चिकट झालेला. रॉकेलमध्ये, मग साबणाने त्यांनी तो सावकाश धुतला. मी या वेळी टू बी आणली होती, मऊ, आणि हलक्या हाताने काढेन असं सांगत होतो. त्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवून दिली, कोरा कागद ओढला आणि तोंडापासून शेपटीपर्यंत एका दमात साप काढला. रेघ कुठेही हलली नाही. मग कागद माझ्या हातात दिला आणि ते ब्रश धुवायला उठले. बसा म्हणाले नाहीत.

मी नेलेलं ते पान नागाचं होतं. चाचांनी काढली होती धामण. पुन्हा काढा म्हणायला मला तोंड नव्हतं, म्हणून पुस्तिकेत तीच छापली आहे. खाली ओळ आहे: हा साप बिनविषारी आहे.