ब्रेकताईची शर्यत

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकताई म्हणत, आणि तेही तोंडावर. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो असतो अडीअडचणीसाठी. ब्रेकताई मात्र गाडी हलली की लगेच तो दाबायला लागे. अठ्ठावीस वर्षांत गाडीवर साधा ओरखडा नाही, याचा तिला कोण अभिमान! पण सवय अशी अंगात मुरली की बसमध्ये बसली तरी उजवा पाय आपोआप खाली रुतायचा. नवरा म्हणे, "अगं, सिनेमातली गाडी तरी सोड!"

हजारेक लोक तिच्या हाताखालून गेले. राहिली ती एकच, सख्खी धाकटी बहीण. तिला शिकवायला घेतलं, तर चौथ्या दिवशी ती भर चौकात गाडीतून उतरली आणि तरातरा चालत घरी गेली. पुढे ती दोन तासांवरच्या शहरात राहायला गेली. भांडण असं कधी झालं नाही, पण गेली दोन वर्षं तिचं येणंच बंद झालं होतं. फोनवर "बरी आहेस ना?", "बरी आहे," की संपलं. आपलं काय चुकलं हे ब्रेकताईला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. जीव मात्र तुटायचा.

ब्रेकताई शाळेत असतानाचा मोटारशर्यतीचा गेम आता टीव्हीवर खेळता येतो आणि दोन शहरांतल्या दोघी एकमेकींशी बोलत एकाच शर्यतीत उतरू शकतात, हे तिच्या मुलीने शोधून काढलं. मावशीशी तिने परस्पर ठरवूनही टाकलं. रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून ब्रेकताई सोफ्यावर बसली, आणि पडद्यावर तोच समुद्राकाठचा रस्ता उलगडला.

शाळेत असताना दोघी बहिणी ज्या गेम पार्लरमध्ये जात, तिथे या गेमची दोन मशिनं अगदी खेटून होती. धाकटीचं वळण आलं की ताईचा हात तिच्या स्टिअरिंगवर. मग दोघीही कुंपणात. पार्लरवाला कपाळावर हात मारून म्हणायचा, "एकीला तरी पोचू द्या गं!"

आता हात पोचत नव्हता. धाकटीची पिवळी गाडी पुढे निघाली, कड्याचं वळण आलं. "दाब! अगं, दाब ना!" ब्रेकताई ओरडली. तिच्या पायाने सतरंजी गोळा केली. धाकटी वळणातून सुळकन बाहेर पडली, आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात ताईची गाडी समुद्रात.

दुसऱ्या शर्यतीतही तेच. तिसऱ्या वेळी ब्रेकताई हरायला बसल्यासारखी गप्प राहिली आणि नुसती बघू लागली. वळणाआधी वेग कमी, वळणात हात शांत, बाहेर पडताना जोर. हे हात नुसत्या खेळाने येत नाहीत, एवढं तिला कळत होतं.

"कुठे शिकलीस गं हे?"

पडद्यावरची पिवळी गाडी कडेला थांबली.

"रस्त्यावर. लायसन्सला दोन वर्षं झाली, ताई. छोटी गाडी घेतलीय."

"शिकवलं कोणी?"

"आहेत इथले एक काका. फारसं बोलत नाहीत."

हे बरोब्बर वर्मी लागलं. आपल्या बहिणीने दुसऱ्याच्या क्लासला जावं! "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू शेजारी बसली असतीस. आणि गाडी घरी ठेवून बसने आले असते, तर तुझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून आलेच नाही."

ब्रेकताईला राग आला, पण तो स्वतःचाच. घरात सगळ्यांना सांभाळायचं म्हणून तिने जन्मभर जे केलं, त्यानेच ही पोर दुरावली होती. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त वाटलं ते कौतुक. मघाची ती वळणं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये," ती म्हणाली. "मला फिरव. मी मागच्या सीटवर बसेन."

"आणि बोलायचं नाही."

"वळणावरसुद्धा?"

"ताई!"

"नाही बोलत गं, नाही बोलत," म्हणता म्हणता ब्रेकताईला रडूच फुटलं.